पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई डोंगरे-मेधावी (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, लेखिका, बायबलच्या मराठी अनुवादक आणि केडगाव (ता. दौंड, जि. पुणे) येथील मुक्ती मिशन या संस्थेच्या संस्थापक होत. ऐन तारुण्यात दुष्काळाने त्यांचे आईवडील व बहीण हिरावून नेली. त्यानंतर अल्पावधीतच भाऊ आणि पतीही गेले. जन्मजात धर्मावरील त्यांची श्रद्धा ढासळली व पुढे दीर्घ शोधानंतर ख्रिस्ती धर्मात त्यांना मनाचे स्वास्थ्य लाभले. या स्वास्थ्याचे रूपांतर त्यांनी निराधार, उपाशी, आजारी आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांच्या सेवेत केले. त्यांच्या धर्मांतरावर महाराष्ट्रात तीव्र वाद झाला. मात्र त्यांच्या कार्याचे मोल त्यांच्या विरोधकांनाही पूर्णपणे नाकारता आले नाही.

जन्म व घराणे

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळ येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. हे ठिकाण आज कर्नाटक राज्यात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न विद्वान होते. पेशव्यांच्या घरातील स्त्रीला आपले गुरू संस्कृत शिकवतात हे त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिले होते. आपल्या पत्नीलाही हे ज्ञान द्यावे असे त्यांच्या मनाने घेतले. लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवण्यास आरंभ केला, तेव्हा आप्तेष्टांनी व शास्त्रीमंडळींनी विरोध केला. अखेर गाव सोडून अनंतशास्त्रींनी गंगामूळच्या अरण्यात आश्रम उभारला. तेथे विद्यार्थी येत, अतिथी येत, आणि या सर्वांच्या पाहुणचारात घरची मिळकत हळूहळू संपत गेली.

रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. आईवडील, थोरले बंधू श्रीनिवास, थोरली बहीण कृष्णाबाई आणि रमाबाई असा हा परिवार क्षेत्रोक्षेत्री फिरत असे. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, श्रोते जी दक्षिणा, धान्य वा वस्त्र देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. रमाबाईंचे शिक्षण या भ्रमंतीतच झाले. पहाटे आई त्यांना जवळ घेऊन श्लोक म्हणवून घेई. भागवतातील हजारो श्लोक त्यांनी कोवळ्या वयातच मुखोद्गत केले. थोरल्या मुलीच्या बालविवाहाचा कटू अनुभव घेतल्यामुळे अनंतशास्त्रींनी रमाबाईंचा विवाह लहानपणी केला नाही. त्या काळी ही गोष्ट धर्मबाह्य समजली जात होती.

दुष्काळ आणि श्रद्धेचा भंग

१८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. अनंतशास्त्री वृद्ध झाले होते व त्यांची दृष्टी गेली होती. पुराण ऐकण्यास श्रोते उरले नाहीत. अंगमेहनत करणे ब्राह्मणाला कमीपणाचे, ही समजूत कुटुंबात मुरलेली असल्याने मुलांना पोटापुरते मिळवण्याचे कोणतेही कसब शिकवलेले नव्हते. जवळचे होते नव्हते ते द्रव्य त्यांनी देवाधर्माला वाहिले, उपासतापास केले, अनुष्ठाने केली. भांडी आणि वस्त्रे विकून झाल्यावर रानातील पाला खाण्याची वेळ आली. वडिलांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला, तेव्हा श्रीनिवासांनी मजुरी करण्याची तयारी दाखवून त्यांना परावृत्त केले. परंतु अनंतशास्त्रींची शक्ती संपली होती. आपल्या लाडक्या कन्येने सन्मार्गाने चालावे व देवाची सेवा करावी, असा उपदेश करून त्यांनी देह ठेवला.

काही आठवड्यांतच लक्ष्मीबाईंचेही निधन झाले. अंत्यसंस्कारास पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत, म्हणून रमाबाईंनीच तिरडीला हात दिला. उंची कमी असल्याने खांदा पुरेना, तेव्हा त्यांनी तो भार डोक्यावर वाहिला. पुढे कृष्णाबाईही गेल्या. उरलेले बहीणभाऊ पायी चालत उत्तरेकडे निघाले. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि कोरड्या वाळूने अंग झाकून रात्री काढल्या.

या काळाचा रमाबाईंच्या मनावर दुहेरी आघात झाला. एक आघात आप्तांच्या मृत्यूचा होता. दुसरा आघात श्रद्धेचा होता. शास्त्रात सांगितलेले सर्व विधी त्यांच्या कुटुंबाने निष्ठेने पाळले होते, तरीही कोणताही देव धावून आला नव्हता. बालपणापासून जपलेला विश्वास असा आतून पोकळ झाला, आणि त्याच्या जागी ठेवण्यास त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हते.

कलकत्ता, विवाह आणि वैधव्य

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. एका तरुण अविवाहित स्त्रीच्या मुखातून अस्खलित संस्कृत ऐकून तेथील विद्वान चकित झाले. परीक्षा घेऊन त्यांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. बंगाली स्त्रियांना शास्त्रातील स्त्रीधर्म समजावून सांगावा अशी विनंती त्यांना करण्यात आली. त्या निमित्ताने त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचले. अन्य बाबतींत परस्परांशी न जुळणारे हे ग्रंथ स्त्रीला हीन लेखण्याच्या आणि तिला वेदाचा व मोक्षाचा अधिकार नाकारण्याच्या बाबतीत मात्र एकमत आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत भेट दिली आणि वाचण्याचा आग्रह केला. वेद, उपनिषदे वाचूनही त्यांच्या मनाचे समाधान झाले नाही.

१८८० मध्ये ढाका येथे श्रीनिवासांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. बिपिनबिहारी कायस्थ होते. हा आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय विवाह दोन्ही समाजांना रुचला नाही. दांपत्य सिल्चर येथे राहिले. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा हिचा जन्म झाला. पतीच्या ग्रंथसंग्रहात रमाबाईंना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत मिळाली व ती त्यांनी आवडीने वाचली. बालविधवांसाठी शाळा काढण्याचा विचार पतिपत्नी करीत होते. परंतु फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबिहारींचा अंत झाला. चोविसाव्या वर्षाच्या आतच रमाबाई विधवा झाल्या.

पुण्यातील कार्य

१८८२ मध्ये रमाबाई मनोरमेसह पुण्यास आल्या. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली व स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री डॉक्टर तयार करण्याची आवश्यकता प्रतिपादन केली. परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या असंख्य स्त्रिया त्यांनी प्रवासात पाहिल्या होत्या. स्वतः वैद्यकीचे शिक्षण घ्यावे, असाही त्यांचा मानस होता. याच हेतूने १८८३ मध्ये त्या मनोरमा आणि आनंदीबाई भगत यांच्यासह इंग्लंडला गेल्या.

इंग्लंड आणि धर्मांतर

वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीमंडळाने त्यांना आश्रय दिला. मात्र रमाबाईंना कमी ऐकू येत होते. या दोषामुळे वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद झाला. रोग्यांना बरे करण्याची विद्या घेण्यासाठी सातासमुद्रापार गेलेल्या रमाबाईंच्या वाट्याला ही निराशा आली. त्यातच सोबतीला आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या भाषेत, लहान मुलीसह त्या एकाकी झाल्या.

याच काळात लंडनजवळील फुलहॅम येथे या भगिनींनी चालवलेले एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने पतित म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांना तेथे माया आणि सन्मान मिळत होता. अशा स्त्रियांविषयी करुणा बाळगावी, असे सांगणारे शास्त्रवचन रमाबाईंच्या वाचनात आले नव्हते. या सेवेमागील प्रेरणा त्यांनी विचारली, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची योहानकृत शुभवर्तमानातील कथा वाचावयास मिळाली. स्वतः ब्राह्मण असून ख्रिस्ती झालेले काशीचे पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनानेही त्यांच्या अनेक शंकांचे निरसन केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

धर्म स्वीकारला तरी रमाबाईंनी विचारस्वातंत्र्य सोडले नाही. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचे अधिकार, आहाराचे नियम, अशा अनेक प्रश्नांवर भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. आपल्या सदसद्विवेकबुद्धीला पटल्याविना कोणतेही मत मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. या काळात चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्यांनी अध्ययन केले व संस्कृतचे अध्यापनही केले.

अमेरिका आणि शारदा सदन

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. ज्या वैद्यकीच्या वाटेवर आपणास पाऊल ठेवता आले नाही, ती वाट एका मराठी स्त्रीने पूर्ण केल्याचे त्यांनी तेथे पाहिले. अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहून त्यांनी गावोगावी व्याख्याने दिली. हिंदू विधवांच्या स्थितीचे वर्णन करणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या साहाय्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. स्वदेशी परतल्यावर त्यांनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीनजीक शारदा सदन सुरू झाले. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण देऊन स्वावलंबी करणे हा त्याचा उद्देश होता. केशवपन, एकभुक्त राहणे आणि अशुभ समजले जाणे हेच ज्यांचे प्राक्तन, त्या मुलींना येथे पुस्तक, मोकळी हवा आणि आपुलकी मिळाली. सदनातील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. १८९० मध्ये सदन पुण्यास हलवण्यात आले.

आंतरिक शांतीचा अनुभव

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपण एक धर्म स्वीकारला होता, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्त आपणास लाभला नव्हता, असे रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. बुद्धीला पटलेली मते मनाचा घाव भरून काढू शकत नव्हती. विल्यम हॅसलम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना ही उणीव त्यांना तीव्रतेने जाणवली. १८९१ च्या सुमारास बायबलच्या चिंतनातून आपल्या पापांची क्षमा झाली आहे आणि आपण ईश्वराचे अपत्य आहोत, अशी दृढ प्रतीती त्यांना आली. पुण्यकर्मे करून ईश्वराची मर्जी संपादन करावी लागते, हा बालपणापासूनचा ताण या अनुभवाने नाहीसा झाला. ज्या दुष्काळात सर्व व्रतवैकल्ये निष्फळ ठरली होती, त्या आठवणीकडे त्या आता निराळ्या दृष्टीने पाहू लागल्या.

या परिवर्तनाचे सामाजिक परिणाम मात्र गंभीर झाले. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही व विद्यार्थिनींना आपापला धर्म पाळण्याची मोकळीक राहील, असे धोरण ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपणहून तेथे येऊन बसत. त्यांना बाहेर घालवण्यास रमाबाई तयार नव्हत्या. केसरीने या प्रकारावर कडक टीका केली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासभंग झाला अशी हिंदू समाजाची भावना होती, तर कोणालाही सक्ती केली नाही अशी रमाबाईंची भूमिका होती. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी स्वतंत्र आश्रम काढला, त्यास या वादाची पार्श्वभूमी होती.

पुन्हा दुष्काळ आणि मुक्ती सदन

संस्था परकीय देणग्यांवर विसंबून राहू नये, या हेतूने रमाबाईंनी पुण्याच्या पूर्वेस, रेल्वेमार्गावरील केडगाव येथे जमीन घेऊन फळबाग लावली होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकताच रमाबाईंना आपले पूर्वायुष्य आठवले व त्या स्वतः तिकडे गेल्या. गरीबखान्यांत आणि रस्त्यांवर त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या. अन्नाच्या आमिषाने त्यांना फसवून नेणारी माणसेही पाहिली. सुमारे तीनशे स्त्रिया व मुली त्यांनी आश्रयास आणल्या. पुण्यात प्लेगची साथ आणि तीमुळे सरकारी निर्बंध असल्याने त्यांची व्यवस्था केडगावला करावी लागली. आरंभी झोपड्या आणि तंबू हेच निवारे होते. विहिरी खोदणे, स्वयंपाक, आजाऱ्यांची शुश्रूषा, सर्वच कामे एकदम उभी राहिली. या वसाहतीस मुक्ती हे नाव मिळाले. १९०० मधील गुजरातच्या दुष्काळानंतर येथील संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

येथे आलेल्या मुलींच्या शरीरावर खरूज, व्रण, ताप आणि भुकेची लक्षणे होती. त्यांच्या मनावरील व्रण त्याहून खोल होते. अन्न दिसताच त्या भांडत, लपवून ठेवत, रात्री दचकून उठत. रमाबाईंची उपचारपद्धती साधी होती. प्रथम स्नान, औषध, पथ्याचे अन्न व स्वच्छ वस्त्र, त्यानंतर अक्षरओळख व काम, आणि या सर्वांच्या जोडीला प्रार्थना. विणकाम, शिवण, तेलघाणा, दूधव्यवसाय, शेती, छपाई अशा उद्योगांतून प्रत्येकीच्या हातास कसब देण्यावर त्यांचा कटाक्ष होता. स्वतःच्या कुटुंबाची उपासमार कसब नसल्याने झाली, हा धडा त्या विसरल्या नव्हत्या. जातिभेदाला येथे थारा नव्हता.

गरजेनुसार स्वतंत्र सदने निघाली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उभारण्यात आले. त्याची मूळ प्रेरणा फुलहॅमच्या आश्रयगृहात होती. वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी प्रीती सदन होते. अंध स्त्रियांच्या विभागास, शुभवर्तमानातील दृष्टी लाभलेल्या अंध भिकाऱ्यावरून, बार्तीमी सदन असे नाव देण्यात आले. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून घेतली व अंध मुलींना वाचावयास शिकवले. येथील अंध स्त्रियांना डोळे मिळाले नाहीत. परंतु बोटांनी वाचणे, विणणे आणि इतरांना शिकवणे त्यांना साध्य झाले.

१९०५ मध्ये मुक्ती सदनात प्रार्थनेची मोठी लाट उसळली. शेकडो मुली एकत्र जमून तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, आपल्या अपराधांची कबुली देत. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची मानली जाते. काही निरीक्षकांना हा भावनांचा अतिरेक वाटला, तर रमाबाईंच्या दृष्टीने वर्षानुवर्षे कोंडलेल्या दुःखाला ईश्वरासमोर मिळालेली ती वाट होती.

बायबलचा अनुवाद आणि अखेरची वर्षे

प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातील स्त्रीला ती समजत नाही, असे रमाबाईंचे मत होते. ज्यांच्या संस्कृतवरील प्रभुत्वाने एकेकाळी कलकत्ता थक्क झाले होते, त्यांनीच आता साध्या बोलीचा आग्रह धरला. उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबलचा अनुवाद केला. त्याचे खिळे जुळवण्याचे व छपाईचे काम मुक्ती सदनातील स्त्रियांनीच केले.

१९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. प्रौढ वयात बहिरेपण वाढत गेले व प्रकृती ढासळली. मनोरमाबाई संस्थेचा भार सांभाळत होत्या व त्याच आईच्या वारस ठरणार होत्या. परंतु जुलै १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले. कुटुंबातील शेवटचे माणूस गेल्यावरही रमाबाईंनी अनुवादाचे काम थांबवले नाही. मुद्रिते तपासून होताच, कन्येच्या मृत्यूनंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण अनुवाद १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

मूल्यमापन

धर्मांतरामुळे महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासात रमाबाईंना दीर्घकाळ उपेक्षेची जागा मिळाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रीविषयक अभ्यासाला चालना मिळाल्यावर त्यांच्या कार्याकडे नव्याने लक्ष वेधले गेले. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

रमाबाईंच्या जीवनात श्रद्धेने व्याधी चमत्काराने नाहीशा केल्या नाहीत. त्यांचा बहिरेपणा अखेरपर्यंत राहिला आणि प्रियजनांचे मृत्यू टळले नाहीत. श्रद्धेने त्यांना दुःखाकडे पाठ न फिरवण्याचे बळ दिले. डॉक्टर होण्याची इच्छा अपुरी राहिलेल्या या स्त्रीने उभारलेल्या केडगावच्या वसाहतीत हजारो आजारी व उपाशी जिवांना स्वास्थ्य मिळाले. निराधार स्त्रिया, मुले आणि अपंग व्यक्ती यांच्यासाठी त्या संस्थेचे कार्य आजही चालू आहे.